जळक्या तेलातलं पाणी

आमच्या रेल्वेच्या डिझेल शेडमधलं, इंजिनांतून काढलेलं जळकं तेल न्यायला नोंदणीकृत रिसायकलरचा माणूस आला. गरम तव्यावर त्यानं थेंब टाकला, तर मोहरीसारखा तडतडला. "साहेब, पाणी आहे," म्हणत रिकामा टेम्पो घेऊन गेला. घातक कचऱ्याच्या 2016च्या नियमांप्रमाणे असा कचरा 90 दिवसांच्या आत हलवावा लागतो, म्हणजे घाईच.

चोर सापडला पिंपाच्या डोक्यावर. उघड्यावर उभ्या पिंपांवर पाऊस साचायचा. रात्री तेल आकसलं की बुचाच्या आट्यांतून पाणी आत ओढलं जायचं. (मी उगाच फिटरवर खेकसलो होतो.)

पाणी तळाला बसावं म्हणून पिंपं चार दिवस हलवली नाहीत. मग हातपंपाची नळी तळाला टेकवून पाणी उपसलं, तेलाचा काळा धागा दिसेपर्यंत. ते पाणी गटारात न सोडता सांडपाणी प्रक्रियेला दिलं. पिंपं आता छपराखाली आडवी असतात. तवा मात्र मीच विकत आणलाय.