रोटरी ड्रममध्ये शीट फिल्म एकसारखी डेव्हलप करण्यासाठी

४×५ किंवा ८×१० इंचांच्या शीट फिल्मच्या, म्हणजे रोलऐवजी एकेक सुट्या तुकड्यात येणाऱ्या फिल्मच्या, निगेटिव्हमध्ये निरभ्र आकाश, धुके किंवा कोरी भिंत असेल, तर डेव्हलपिंगमधली किंचितशी असमानताही प्रिंटमध्ये फिकट पट्ट्याच्या किंवा उजळलेल्या कडेच्या रूपाने उघडी पडते. रोटरी ड्रममध्ये, म्हणजे यंत्रावर आडव्या फिरणाऱ्या बंद नळकांड्यात, रसायन कमी लागते आणि फिल्म भरल्यानंतर सगळे काम उजेडात करता येते, हे खरे. पण रसायन थोडे असल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात शीटचा काही भागच त्यात बुडत असतो. म्हणून ड्रमची पातळी, रसायनाचे प्रमाण आणि डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन) आत जातानाचे पहिले काही सेकंद या तीन गोष्टींवर एकसारखेपणा जितका अवलंबून असतो, तितका तो डेव्हलपरच्या निवडीवर नसतो.

काहीही बदलण्याआधी दोष नेमका कुठून येतो, हे शोधावे. एकसारखा प्रकाश पडलेली कोरी भिंत घ्यावी, लेन्स अनंतावर फोकस करावी, मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त देऊन दोन शीट एक्सपोज कराव्यात आणि ड्रममध्ये भरताना एका शीटची वरची बाजू झाकणाकडे, तर दुसरीची तळाकडे ठेवावी. अंधारात हे कळण्यासाठी शीटच्या कोपऱ्यावरच्या खाचा उपयोगी पडतात: उभ्या शीटमध्ये खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात असल्या, की इमल्शन, म्हणजे प्रकाशसंवेदी थर, आपल्याकडे असते. धुतलेल्या शीट लाइट टेबलवर शेजारी ठेवल्यावर दाट कड दोन्हींमध्ये चित्राच्या एकाच बाजूला दिसली, तर दोष लेन्सचा, बेलोजचा (कॅमेऱ्याच्या घडीच्या भात्याचा) किंवा प्रकाशाचा आहे. ती दोन्हींमध्ये झाकणाकडच्या बाजूला दिसली, तर तो ड्रमचा आहे.

ही चाचणी मी फार उशिरा केली. माझ्या निगेटिव्हच्या एका कडेला बोटभर रुंदीचा दाट पट्टा येत असे. त्यासाठी मी दोनदा डेव्हलपर बदलला आणि काही काळ चांगल्या लेन्सवर विनाकारण संशय घेतला. शेवटी ड्रम पाण्याने नेहमीइतका भरून, यंत्रावर चढवून त्याच्या पाठीवर पाणसळ ठेवली, तेव्हा बुडबुडा मधल्या दोन रेघांच्या बाहेर गेलेला दिसला. रिकाम्या ड्रमवर तो बरोबर मध्ये होता. आतल्या पाण्याच्या वजनाने टेबलाची फळी एका बाजूला दबत होती. म्हणून पातळी नेहमी भरलेल्या ड्रमवर तपासावी, आणि यंत्र जागेवरून हलवल्यास पुन्हा तपासावी.

रसायनाचे प्रमाण ठरवताना दोन हिशेब वेगवेगळे करावे लागतात. पहिला, ड्रम आडवा असताना शीटची पूर्ण रुंदी भिजवायला किती द्रव लागतो. हा आकडा उत्पादक ड्रमवर किंवा माहितीपत्रकात देतो आणि तो किमान आहे हे लक्षात ठेवावे. दुसरा, तेवढ्या क्षेत्रफळाला पुरेल इतका सक्रिय डेव्हलपर त्यात आहे की नाही. एक ८×१० शीट म्हणजे ८० चौरस इंच, म्हणजेच चार ४×५ शीट किंवा १२० फिल्मचा एक रोल. एक्सटॉल या डेव्हलपरसाठी मी दर ८० चौरस इंचांना मूळ द्रावणाचे किमान १०० मिली धरतो. त्यामुळे सहा ४×५ शीटना १५० मिली मूळ द्रावण लागते आणि १:१ पातळ केल्यावर एकूण ३०० मिली. हा हिशेब चुकला, की ज्या भागाला जास्त एक्सपोजर मिळाले आहे तिथला डेव्हलपर आधी थकतो आणि आकाश सपाट, डागाळ उतरते.

फिल्म भरताना ड्रम आणि रील (शीट धरून ठेवणारी खाचांची चौकट) पूर्ण कोरडे असावेत, कारण रीलच्या ओलसर खाचेत शीट अडकते आणि वाकते. इमल्शन आतल्या बाजूला ठेवावे. रील वापरत असाल, तर प्रत्येक शीटच्या दोन्ही कडांवरून अंधारात बोट फिरवून ती खाचेत बसल्याची खात्री करावी.

डेव्हलपरपूर्वी फिल्म पाण्यात भिजवावी (याला प्रीसोक म्हणतात) की नाही, यावर उत्पादकांचेच एकमत नाही. ड्रम बनवणारी जोबो पाच मिनिटांचे प्रीसोक सुचवते, तर फिल्म बनवणारी इलफर्ड रोटरी प्रक्रियेत ते टाळायला सांगते. माझे मत असे, की सर्वांत वाईट पर्याय म्हणजे अर्ध्या मिनिटाचे घाईचे प्रीसोक, कारण त्यात जिलेटिन ठिकठिकाणी कमीजास्त फुगते. भिजवायचे असेल, तर डेव्हलपरच्याच तापमानाच्या पाण्यात पूर्ण पाच मिनिटे भिजवावे, नाहीतर अजिबात भिजवू नये. सतत हालचालीमुळे डेव्हलपिंगची वेळ साधारण १५ टक्क्यांनी कमी करावी लागते. पूर्ण प्रीसोकनंतर मात्र पुष्कळदा ही कपात लागत नाही, त्यामुळे एकदा ठरवलेली पद्धत मध्येच बदलू नये.

डेव्हलपर ओतताना ड्रम फिरताच असावा आणि सगळा द्रव एका दमात, शक्यतो दहा सेकंदांत आत जावा. लिफ्ट (ड्रम फिरत असतानाच रसायन आत-बाहेर करणारी यंत्राची जोडणी) नसेल, तर झाकणात पेला असलेला ड्रम उपयोगी पडतो. तो उभा असताना रसायन पेल्यातच राहते आणि आडवा करून फिरवताच एकदम सगळ्या शीटपर्यंत पोहोचते. फिरण्याची दिशा ठरावीक वेळाने उलटलीच पाहिजे. वेगाबाबत रीलवर संयम बाळगावा, कारण जास्त वेगात द्रव खाचांमधून जोराने उसळून कडा दाट करतो. मी रील मिनिटाला ३० फेऱ्यांच्या आसपास ठेवतो. प्रत्येक शीटला स्वतंत्र नळी असलेले ड्रम याहून जास्त वेग सहज सोसतात. डेव्हलपिंगची वेळ पाच मिनिटांपेक्षा कमी येत असेल, तर डेव्हलपर आणखी पातळ करावा, कारण इतक्या थोड्या वेळात सुरुवातीचा फरक भरून निघत नाही. पीएमकेसारखा पायरो डेव्हलपर ड्रममधल्या हवेने लवकर ऑक्सिडाइझ होतो. त्यापेक्षा पायरोकॅट-एचडी हा त्याच प्रकारचा डेव्हलपर वापरणे चांगले; त्याचे तयार द्रावण दोन भागांत विभागून अर्ध्या वेळेला दुसरा भाग ताजा ओतावा.

डेव्हलपिंग थांबवणारा स्टॉप बाथही डेव्हलपरइतक्याच चपळाईने आत जायला हवा. त्यानंतरच्या, चित्र कायम करणाऱ्या फिक्सरला तेवढी घाई नसते. शीटची पाठ नळीच्या भिंतीला चिकटून राहिल्यामुळे तिथे रंगीत थर उरलेला दिसला, तर तो डाग समजून घाबरू नये. शीट बाहेर काढून ट्रेमध्ये सोडियम सल्फाइटच्या सौम्य द्रावणात काही मिनिटे ठेवल्यास तो निघून जातो. वेटिंग एजंटही (वाळताना फिल्मवर थेंबांचे डाग राहू नयेत म्हणून घालायचे द्रव्य) ट्रेमध्येच, धुण्याच्या शेवटच्या पाण्यात द्यावा. ड्रममध्ये किंवा रीलवर तो कधीही घालू नये, कारण त्याचा अंश खाचांत राहिला तर पुढच्या वेळी डेव्हलपरला फेस येतो.