लॅटिन क्रियापदांची रूपे ओळखताना या चुका टाळा

लॅटिन शिकणारा प्रत्येक क्रियापदाची चार मुख्य रूपे (वर्तमानकाळ, ‘-णे’ अर्थाचे तुमन्त, भूतकाळ आणि कर्मणी कृदंत) पाठ करू लागतो आणि थोड्याच दिवसांत कंटाळून कानाच्या भरवशावर अंदाज बांधतो. अंदाज बांधण्यात गैर काही नाही. मात्र ध्वनी कोणत्या रूपाचा पत्ता देतो आणि कोणत्याचा देत नाही, हे न पाहिल्यामुळे चुका होतात.

सर्वांत जास्त फसवते ते यमक. रेगो (मी राज्य करतो), तेगो (मी झाकतो) आणि लेगो (मी वाचतो) ही रूपे कानाला सारखी लागतात. पहिल्या दोहोंची भूतकाळी रूपे रेक्सी आणि तेक्सी होत असल्याने विद्यार्थी बेधडक ‘लेक्सी’ लिहितो, पण खरे रूप ‘लेगी’ आहे. ‘करणे’चे ‘केला’ आणि ‘मरणे’चे ‘मेला’ होते म्हणून ‘धरणे’चे ‘धेला’ होत नाही, तसाच हा प्रकार. हे रूप पाठच करावे लागते. याउलट याच तिघांची कर्मणी कृदंते रेक्तुस, तेक्तुस, लेक्तुस अशी एकाच वळणाची आहेत, कारण पुढे त् आला की ग् अघोष होऊन त्याचा क् होतो. संस्कृतातील युज्–युक्त ज्यांच्या कानात आहे, त्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. स्पर्गो–स्पर्सुस असे थोडे अपवाद तेवढे लक्षात ठेवावेत.

उलट दिशेने जाताना हाच ध्वनिनियम अडचणीचा ठरतो. त्राक्सी हे रूप दिसताच काही जण शब्दकोशात ‘त्राको’ शोधत बसतात, पण मूळ क्रियापद आहे त्रहो. ‘क्स’मागे क्, ग्, ह् यांपैकी काहीही दडलेले असू शकते, आणि वीक्सीच्या मागे तर चक्क वीवो आहे.

‘इओ’ने संपणारी सगळी क्रियापदे चौथ्या गणात (क्रियापदांच्या चार वर्गांपैकी शेवटच्या) ढकलणे हीही नेहमीची चूक. इथे वृत्तांतले लघु-गुरू कामी येतात: औदिओचे (मी ऐकतो) धात्वक्षर गुरू, म्हणून चौथ्या गणातले तुमन्त औदीरे, कपिओचे (मी पकडतो) लघु, म्हणून तिसऱ्या गणातले कपेरे. हा नियम बहुतेक वेळा चालतो, पण वेनिओचे अक्षर लघु असूनही वेनीरे होते.

याच वेनिओचे ‘वेनित’ हे रूप ए ऱ्हस्व असेल तर ‘तो येतो’ आणि दीर्घ असेल तर ‘तो आला’ असे सांगते. मराठीच्या देवनागरीत हा फरक दाखवायला चिन्हच नसल्यामुळे, वहीत रोमन लिपीतच लिहावे आणि दीर्घ स्वरावरची आडवी रेघ कधीही गाळू नये.