सेल्फ टक टक करतो, गाडी चालू होत नाही? या चुका टाळा

किल्ली फिरवली, डॅशबोर्डचे दिवे लागले, बॉनेटखालून टक आलं आणि इंजिन हललंच नाही, की लोक दोनच गोष्टी करतात. एक तर किल्ली फिरवतच राहतात, नाहीतर लगेच फोन करून नवी बॅटरी मागवतात. आवाज ऐकायला कुणालाच वेळ नसतो.

भराभर टकटकटक येत असेल, तर बॅटरीत सॉलेनॉइड (सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरला, करंट जोडणारा स्विच) ओढण्यापुरता जीव आहे, मोटर फिरवण्याइतका नाही. मोटरला करंट जाताच व्होल्टेज कोसळतं, सॉलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा ओढला जातो. एकच ठोस ‘टक’ आला तर हेडलाइट लावून किल्ली फिरवा. दिवे तसेच राहिले, तर सॉलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेले किंवा सेल्फचे कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) झिजलेले असण्याची शक्यता जास्त. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी, टर्मिनल, नाहीतर इंजिनच अडकलेलं.

टर्मिनल आतून न बघता, न घासता बॅटरी बदलणं. ही चूक बघून मला खरोखर चीड येते, कारण पैसे गाडीवाल्याचे जातात. वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारात आमच्या शेजारच्या काकांनी नवी बॅटरी टाकली. आठवडाभरात पुन्हा टक. मग सेल्फ उतरवून दुरुस्त करून घेतला. तरी टक. त्यांचा मुलगा मला बोलवायला आला, “काका, आता नवा सेल्फच घ्यायला सांगतायत, तुम्ही एकदा बघता का?”

मल्टिमीटर लावला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरं त्याच खुंटाला आवळलेल्या क्लॅम्पवर धरलं आणि मुलाला किल्ली फिरवायला सांगितली. दोन्हींमध्ये बोटभरही अंतर नाही. तिथे ०.१, फार तर ०.२ व्होल्ट दिसायला हवेत. दिसले ३ च्या वर. एवढा करंट तिथेच अडत होता, क्लॅम्प हाताला गरम लागत होता. वरून तो स्वच्छ होता, वर ग्रीसही फासलेलं. सोडवून उलटा केला तर आत काळपट करडा थर. नवी बॅटरी बसवणाऱ्याने जुना क्लॅम्प तसाच चढवला होता. पॉलिश पेपरने शिसं चकाकेपर्यंत घासलं, पाना लावून आवळलं, आणि पहिल्या किल्लीत गाडी चालू झाली.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर खाण्याचा सोडा गरम पाण्यात घालून जुन्या ब्रशने धुवा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. ग्रीस लावायचं ते आवळून झाल्यावर, वरून. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टीही बघा. ती खाली असते, म्हणून कुणी वाकून बघत नाही.

जंपर केबल कशीही लावणं. लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि ठिणगी शेवटच्या जोडणीलाच उडते. मग लगेच किल्ली फिरवू नका, पाचेक मिनिटं थांबा. ही पाच मिनिटं बहुतेकांच्याने निघत नाहीत.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून डायनामो (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) तपासणं. जुन्या गाड्यांवर शिकलेल्यांची सवय. आजच्या गाडीत व्होल्टेज उसळून इलेक्ट्रॉनिक्स जळतं. चालू इंजिनवर मीटर लावा, बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसलं की चार्जिंग ठीक.

ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारणं. काही उपयोग नाही.

सेल्फवर हातोडी ठोकून आठवडे काढणं. हलक्या ठोक्याने अडकलेला ब्रश सुटतो, गॅरेजपर्यंत जाता येतं. तेवढंच.

पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला सेल्फ मारणं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वडोदऱ्यात शिरलं तेव्हा सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी पहिलं काम केलं ते किल्ली फिरवण्याचं. एकच ‘ठक’ येतो आणि बॅटरी उतरली असं वाटतं, म्हणून जंपर लावून आणखी जोर दिला जातो. आत सिलिंडरमध्ये पाणी असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन तिथेच अडतो आणि त्यात गाडी कशीबशी चालू झालीच, तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो.

अशा गाडीची आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एअर फिल्टर उघडून ओला आहे का बघा, ऑइलची डिपस्टिक काढा. ऑइल दुधट दिसलं किंवा फिल्टर भिजलेला निघाला तर गाडी उचलूनच गॅरेजला न्या. पेट्रोल गाडीत प्लग काढून इंजिन फिरवलं की पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर येतं, पण ते मेकॅनिकच्या हातून होऊ द्या. डिझेलला घरी हात लावूच नका. सेल्फ मारण्याआधी विमा कंपनीला कळवा आणि फोटो काढून ठेवा. इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर नसेल, तर भिजलेलं इंजिन फिरवून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही.