नवी मुंबई ते कोल्हापूर: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ असा काढा

ठाणे-नवी मुंबईकरांसाठी आता तिकिटावर ‘मुंबई’ एवढंच वाचून भागत नाही. आधी तीन अक्षरी कोड बघा: एनएमआय म्हणजे उलव्याजवळचा नवी मुंबई विमानतळ, बीओएम म्हणजे अंधेरी-सांताक्रूझचा जुना. दोघांत सरळ रेषेत सुमारे २४ किलोमीटर आहेत. कोड चुकला तर पुढचं सगळं गणित वाया.

मग दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. शहराचे नकोत, धावपट्टीचे हवेत. नवी मुंबई १८.९९, ७३.०७, कोल्हापूर (उजळाईवाडी) १६.६६, ७४.२९. हमखास चूक इथेच होते: १८ अंश ५९ मिनिटं म्हणजे १८.५९ नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचं, म्हणजे १८.९८. ही एक चूक विमानतळ ४० किलोमीटरहून जास्त दक्षिणेला सरकवते.

अक्षांशांतला फरक २.३३. त्याला १११ ने गुणा: २५९ किलोमीटर. रेखांशांतला फरक १.२२. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून इथे पूर्ण १११ धरायचे नाहीत. आपल्या पट्ट्यात एका अंशाला साधारण १०६ किलोमीटर पडतात. आले १२९. आता काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढतो तसं दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ घ्या: सुमारे २८९ किलोमीटर. सागरी मैलांत हवं असेल तर १.८५२ ने भागा, १५६ येतात. महाराष्ट्राच्या आतल्या अंतरांना एवढी रीत पुरते. दिल्ली किंवा दुबईसाठी मात्र पृथ्वीची गोलाई धरणारं सूत्र लागतं.

वेळ काढताना नुसता भागाकार फसवतो. एटीआर ७२ हे पंख्यांचं छोटं विमान ताशी साधारण ५०० किलोमीटरने जातं, म्हणजे ३५ मिनिटं. त्यात टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं), चढण, वळसा घेऊन धावपट्टीशी जुळणं आणि पुन्हा टॅक्सी यांची २५ मिनिटं धरा: एक तास. एअरबस ए३२० या जेट विमानाचा वेग ताशी ८३० च्या आसपास, तरी वाचतात जेमतेम दहा मिनिटं, कारण विमान पूर्ण उंचीवर पोचतं न पोचतं तोच उतरायला लागतं. समोरून २० नॉट (ताशी सुमारे ३७ किलोमीटर) वारा असला तरी एटीआरला तीनच मिनिटं जास्त लागतात. इतक्या कमी अंतरात वेगापेक्षा जमिनीवरची मिनिटं भारी पडतात. पावसाळ्यात ढग खाली आले की घिरट्या घालाव्या लागतात. तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवा, पुढची गाडी त्याला चिकटून काढू नका.

काही संकेतस्थळं ‘फ्लाइट टाइम’ दाखवतात, तो कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर ठरावीक वेगाने भागून काढलेला असतो. त्या मार्गावर विमान आहेच असं नाही. थेट सेवा नसेल तर प्रत्येक टप्पा वेगळा काढून मधला थांबा मिळवा.

घरापासूनचा हिशेब ठाण्याहून असा: विमानतळापर्यंत सव्वा तास, सुटण्याआधी दीड तास (देशांतर्गत उड्डाणांचं काउंटर बहुधा ६० मिनिटं आधी बंद होतं), उड्डाण एक तास, बाहेर पडून शहरात पोचायला पाऊण तास. एकूण साडेचार. रस्त्याने साधारण सात. अंतर याहून कमी असेल, नाशिकसारखं, तर गाडीच बरी.