नगरसेवकाचा पीए व्हायचंय? आधी आवक क्रमांक घ्यायला शिका

नगरसेवकाकडे काम करायचंय आणि पुढे चळवळीतही राहायचंय, असं म्हणत येणाऱ्या मुलामुलींना माझं पहिलं सांगणं असतं: महापालिकेत तोंडी काही मागू नका. मी आधी एका नगरसेविकेच्या कार्यालयात होते, आता वस्त्यांमध्ये पाणी आणि रस्त्यांच्या प्रश्नांवर काम करते. दोन्हीकडे उपयोगी पडला तो कागदच.

आलेल्या माणसाचं आधी पूर्ण ऐकून घ्या. मग विचारा, नेमकं कुठे, कधीपासून, याआधी कुणाला भेटलात? ‘आमच्याकडे पाणी येत नाही’ एवढ्यावर अभियंता काय करणार? ‘गल्लीतल्या शेवटच्या नऊ घरांना सकाळी पाणी चढत नाही, अलीकडच्या घरांना येतं’ असं लिहिलंत तर शोध कुठून सुरू करायचा ते त्याला कळतं. एका पत्रात एकच विषय. पाणी, ड्रेनेज आणि दिवाबत्ती एकत्र घातलीत की तिन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, म्हणजे पत्र कार्यालयात आल्याचा नोंदणी क्रमांक, घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. साहेबांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला अंगठा ही पोच नव्हे.

मग पत्राच्या मागे लागा. कनिष्ठ अभियंत्याने जागा पाहिली का? एस्टिमेट झालं का? खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यातून, टाकणार? ‘निधी नाही’ असं उत्तर आलं की अंदाजपत्रक उघडून त्या कामाला तरतूद आहे का ते स्वतः बघा. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं, पण आयुक्तांचा मसुदा त्याच्या बराच आधी तयार होतो. त्यामुळे नव्या कामाची मागणी दिवाळीच्या आसपास गेलेली बरी. मार्चमध्ये मोर्चा काढून फारसं हाती लागत नाही.

झालेलं काम तपासायचं असेल तर मोजमाप पुस्तक मागा. सगळे त्याला एम.बी. म्हणतात. त्यात लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते आणि त्या मापांवर ठेकेदाराचं बिल निघतं. टेप घेऊन रस्त्यावर जा. लांबी-रुंदी कुणालाही मोजता येते, आणि केबलसाठी कुठे खोदलेलं असेल तर तिथे डांबराचा थर उघडा दिसतो. माप जुळलं नाही तर फोटो आणि एम.बी.तली नोंद जोडून पत्र द्या. त्याबरोबर वर्क ऑर्डर आणि दोषदायित्व कालावधीही बघा. त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायला हवी. हे कुणी विचारलं नाही तर त्याच खड्ड्यावर लोकांचा पैसा पुन्हा खर्च होतो, आणि मला याचा मनापासून संताप येतो.

कागद दाखवत नसतील तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो. ‘रस्ता खराब का झाला?’ असं विचारू नका. ‘अमुक कामाच्या वर्क ऑर्डरची, एम.बी.ची आणि अंतिम बिलाची प्रत द्यावी’ असं लिहा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर 30 दिवसांत पहिलं अपील करा.

व्हॉल्व्हमन, मुकादम, आवक-जावकचे लिपिक यांच्याशी नीट वागा, त्यांची नावं लक्षात ठेवा. नकाशात नसलेली जुनी लाइन कुठून जाते, हे कित्येकदा व्हॉल्व्हमनलाच ठाऊक असतं.

कार्यालयात कळलेली लोकांची आजारपणं, कर्जं, घरातली भांडणं तिथेच ठेवा. चळवळीत गेल्यावरही ती कुणाविरुद्ध वापरायची नाहीत. आणि माहिती अधिकाराचा अर्ज टाकला की ‘बसून मिटवू’ म्हणणारं कुणीतरी भेटतंच. त्याला एकट्याने भेटायला जाऊ नका. निरोप कुणाचा होता, काय देऊ केलं होतं, ते वस्तीच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.