बंदर-नियोजनात येताय? आधी ३६५ ने भागणं सोडा

सिव्हिल झाल्यावर बंदरांकडे वळू का, असं विचारणारी गोव्यातली मुलं दरवर्षी भेटतात. कुणी फोंड्याचा, कुणी साखळीचा, कुणी पेडण्याचा. सागरमाला, गतिशक्ती, नॅशनल लॉजिस्टिक्स पॉलिसी ही बंदरांची आणि मालवाहतुकीची सरकारी धोरणं त्यांनी वाचलेली असतात. त्यामुळे कंटेनर मोजायचं टीईयू हे एकक काय, जहाज लागतं तो बर्थ म्हणजे धक्का काय, हे मी इथे सांगत बसत नाही. मला जे सांगायचं आहे ते मला स्वतःला फार महागात पडलं आहे, आणि अजूनही एखादा अहवाल पाठवायच्या आदल्या रात्री त्या आठवणीने झोप उडते.

मी डिचोली तालुक्यातला. घरापासून पाचशे मीटरवर लोहखनिजाच्या वाहतुकीचा रस्ता. लहानपणी आई दुपारी अंगणात पापड वाळत घालायची नाही, कारण तासाभरात त्यावर लाल धूळ बसायची. एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना मी जी चूक केली, ती या गावच्या माणसाने करायलाच नको होती.

एम.टेक. करून मी एका सल्लागार कंपनीत लागलो. पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते नदीकाठच्या एका जेटीचं. खाणीतून ट्रकने माल जेटीवर येणार, तिथे ढीग लागणार, बार्जमध्ये म्हणजे नदीतल्या मालवाहू नौकेत भरला जाणार आणि बार्ज मुरगाव बंदराला जाणार. जेटीकडे जाणारा रस्ता किती रुंद हवा आणि ट्रक उभे करायला जागा किती हवी, एवढाच प्रश्न होता. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून इथे गोल आकडा घेतो: वर्षाला २४ लाख टन.

मी काय केलं? २४ लाखाला ३६५ ने भागलं. दिवसाला सुमारे ६,५७५ टन आले. ट्रकमध्ये १० टन, म्हणजे रोज साधारण ६५७ फेऱ्या. त्यांना २४ तासांनी भागलं, तासाला २७ ट्रक. दोन मिनिटांत एखादा ट्रक म्हणजे काहीच नाही, आहे तो रस्ता पुरेसा आहे, असं मी लिहून दिलं. वरच्या साहेबांनी सही केली. चार्ट रंगीत होते आणि सगळे खूश होते.

मग गावच्या सभागृहात बैठक झाली. मी बोलत असताना मागच्या खुर्चीवरचे एक मुकादम उठले. जेटीवर आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाबा, पावसात तुझे ट्रक कोण चालवतो?" मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, "आणि रात्री?" तेव्हा कळला. त्यानंतरची दहा मिनिटं मी काय बोललो ते मला आठवत नाही.

आता तोच हिशेब नीट करू, आणि कृपा करून कागद घेऊन माझ्याबरोबर करा. ऑक्टोबर ते मे म्हणजे २४३ दिवस. पावसाळ्यात खाणी जवळजवळ थंड असतात. २४३ मधून रविवार काढा, सण काढा, यंत्रं बिघडतात ते दिवस काढा. हातात २०० दिवस उरले तर नशीब. २४ लाखाला २०० ने भागा, दिवसाला १२,००० टन, म्हणजे १,२०० फेऱ्या. वाहतूक चालते दिवसाचे दहा तास. तासाला १२० ट्रक. दर अर्ध्या मिनिटाला एक भरलेला ट्रक, आणि तेवढेच रिकामे उलट बाजूने परत. मी लिहिलेल्या २७ च्या जवळजवळ साडेचार पट! त्याच रस्त्यावरून शाळेची मुलं जात होती. मी तो रस्ता पुरेसा आहे म्हणून लिहिलं होतं.

तुम्ही म्हणाल, ही शाळकरी चूक झाली, आम्ही करणार नाही. कराल. कारण पुढे ती इतकी उघड दिसत नाही. एक्सेलच्या चौथ्या शीटवर ती 'सरासरी' या नावाने बसलेली असते आणि तुमच्या हातात येईपर्यंत तिच्यावर तीन जणांच्या सह्या झालेल्या असतात.

हीच चूक धक्क्यावर काय करते ते बघा. एका धक्क्याचा वर्षभराचा वापर ५५ टक्के आहे. ऐकायला छान वाटतं, जवळजवळ अर्धा वेळ धक्का मोकळा. पण ते सगळं काम आठ महिन्यांतच होत असेल तर त्या आठ महिन्यांत धक्का ८३ टक्के भरलेला असतो. रांगेचं साधं सूत्र तुम्हाला माहीत आहे: धक्का एकच, जहाजं येण्याची वेळ अनियमित, चढउताराचा वेळही कमीजास्त, तर थांबण्याचा सरासरी वेळ म्हणजे वापराला उरलेल्या मोकळ्या भागाने भागायचं आणि सेवेच्या वेळेने गुणायचं. जहाजाला धक्क्यावर दोन दिवस लागतात असं धरा. ५५ टक्क्यांना बाहेर थांबणं येतं सुमारे अडीच दिवस. ८३ टक्क्यांना जवळजवळ दहा दिवस. माल तोच, धक्का तोच. फरक एवढाच की तुम्ही कशाने भागलंत. धक्के जास्त असले की आकडे सौम्य होतात, पण वळण तेच राहतं: ७० टक्क्यांच्या पुढे रांग अंगावर येते. त्या दहा दिवसांचं डेमरेज, म्हणजे जहाज अडकवून ठेवल्याची भरपाई, डॉलरमध्ये जातं, बहुतेक वेळा परदेशी जहाजमालकाकडे. आपल्यासारख्या देशात हा पैसा शेवटी मालाच्या किमतीत मिसळतो आणि कुणाला दिसतही नाही.

घाबरू नका. ही चूक प्रत्येकाची होते आणि एकदा उघडी पडली की पुन्हा होत नाही. मी त्या बैठकीनंतर नोकरी सोडायला निघालो होतो. सोडली नाही हे बरं झालं.

दुसरी गोष्ट थोडक्यात सांगतो, ती माझ्या एकट्याची नाही. २०१०-११ च्या आसपास गोव्यातून वर्षाला ५ कोटी टनांच्या घरात खनिज निर्यात होत होतं. सगळ्यांचे आलेख वर जात होते, माझाही. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने मार्चपासून पुन्हा सगळं बंद. माझं काम गेलं. दीड वर्ष मी डिचोलीत बारावीच्या मुलांना गणित शिकवलं. त्या काळात ट्रकमालकांच्या दारात उभे गंजलेले ट्रक रोज बघितले, कर्ज काढून घेतलेले. म्हणून सांगतो, एकाच मालावर उभ्या असलेल्या बंदराचा अंदाज मागच्या पाच वर्षांची रेघ पुढे ओढून काढू नका. परवाने कुणाच्या हातात आहेत, खटले कुठे चालू आहेत, हे वाचणं आपलं काम नाही असं शिकवणाऱ्याचं ऐकू नका.

आता 'एकात्मिक' या शब्दाबद्दल. तो प्रत्येक धोरणात असतो, पण समजून घ्यायचा असेल तर वास्कोहून कुळे आणि घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकपर्यंतचा रेल्वेप्रवास एकदा बारकाईने करा. मुरगावला उतरलेला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो तो याच घाटातून. चढ १ ला ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. भरलेली गाडी वर न्यायला जादा इंजिनं लावावी लागतात. ७५ हजार टनांचं एक जहाज रिकामं करायचं तर साधारण २० मालगाड्या लागतात. धक्क्यावर कितीही वेगवान क्रेन लावा, घाट जेवढ्या गाड्या सोडेल तेवढाच माल पुढे जाईल आणि बाकीचा वास्कोत पडून राहील. तिथल्या लोकांच्या खिडक्यांवर बसणारी काजळी हा म्हणूनच नियोजनाचाही प्रश्न आहे. मार्ग दुहेरी करायचा तर तो मोले अभयारण्यातून जातो. त्याची वन्यजीवविषयक मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. ज्या आराखड्यात मोल्याचं जंगल आणि वास्कोची वस्ती शेवटच्या प्रकरणात 'परिणाम' म्हणून येते, तो आराखडा मला अर्धवट वाटतो. ती दोन्ही पहिल्या पानावर हवीत, कारण क्षमता तिथेच ठरते.

उलट उदाहरण कोकण रेल्वेचं. १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा रो-रो सुरू झाली. भरलेला ट्रक चालकासह थेट वाघिणीवर चढतो. माल उतरवून पुन्हा चढवायची गरज नाही, घाटातला डिझेलचा खर्च नाही. दोन वाहनांच्या मधला सांधा सोपा करणं किती मोलाचं असतं हे मला पुस्तकापेक्षा तिथे जास्त कळलं.

शिक्षणाचं म्हणाल तर बंदर-अभियांत्रिकीसाठी आयआयटी मद्रासचा ओशन इंजिनिअरिंग विभाग आहे, व्यवस्थापनासाठी इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी आहे, गाळ आणि लाटांची प्रतिकृती कशी करतात ते बघायला पुण्याजवळ खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तर आपल्या दारात आहे. मात्र सहा आठवड्यांत 'लॉजिस्टिक्स तज्ज्ञ' करून देणाऱ्या ऑनलाइन प्रमाणपत्रांवर पैसे घालवू नका. मी एकावर घालवले. आणि सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर पहिल्या वर्षी हातात घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे. हाताने रांग मांडता येत नसेल तर सॉफ्टवेअर तुमची चूक तीन दशांश स्थळांपर्यंत अचूक करून देतं.

गुरू कोण असावा? ज्याने माल अडकलेला पाहिला आहे तो. मला लाभले ते शेजारचे तात्या, बार्जवरचे निवृत्त सारंग, म्हणजे बार्ज चालवणारे. नोकरी गेली त्या वर्षी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसायचो. एकदा मी विचारलं, मुरगावला जहाज कधी बार्जची वाट बघत बसतं आणि कधी पाच बार्ज एकदम येतात, असं का? त्यांनी आत जाऊन जुनी वही आणली. पानापानावर भरतीच्या वेळा, पेन्सिलने. नदीत उथळ जागा असतात, तिथून भरलेला बार्ज भरतीलाच निघतो. भरती येते साधारण साडेबारा तासांनी आणि रोज पाऊणएक तास पुढे सरकते. वेगवेगळ्या जेट्यांवरचे बार्ज त्याच पाण्यावर सुटतात, म्हणून एकदम पोचतात. शिवाय पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीचं मुख वाळूच्या दांड्यामुळे बार्जना बंद होतं आणि कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत उतरावं लागतं. २०१६ च्या कायद्याने या तिन्ही वाटा राष्ट्रीय जलमार्ग झाल्या, मांडवी ६८ वा, कुंभारजुवे २७ वा आणि जुवारी अगदी शेवटचा, १११ वा. यादीत नाव आल्याने पाण्याची खोली वाढत नाही, हे तात्यांच्या वहीवरून मला कळलं. माझ्या कुठल्याही प्राध्यापकाने भरतीचा संबंध रांगेशी जोडून दाखवला नव्हता.

खाणींचे लिलाव झाल्यापासून डिचोलीकडे खनिज पुन्हा हलू लागलं आहे. ज्यांना खरंच शिकायचं आहे त्यांनी एक दिवस रस्त्याच्या कडेला बसून मोजणी करावी. सकाळी पहिला ट्रक सुटायच्या आधी पोचा. पाणी, टोपी, रेघा आखलेली वही, आणि धुळीसाठी ओला रुमाल. दर पाच मिनिटांचा एक रकाना करा. भरलेले वेगळे, रिकामे वेगळे. तासाची बेरीज करू नका, तिथे गर्दी लपते. ट्रक कुठे थांबतो आणि का थांबतो, ते शेजारी लिहा. वजनकाट्यावर, फाटकावर, की चहाच्या टपरीवर. आणि दुपारी एकच्या सुमारास भूक लागली तरी जागा सोडू नका. मी माझ्या पहिल्या मोजणीत तेव्हाच जेवायला गेलो होतो. काट्यावरचा माणूसही तेव्हाच जेवायला जातो, आणि दिवसातली सगळ्यांत लांब रांग त्या अर्ध्या तासात लागते.