पीएचपी टेम्प्लेटमध्ये लघुरूप कधी वापरावे आणि पूर्ण रूप कधी

पीएचपी या वेबपाने तयार करणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत, कोड सुरू करणाऱ्या `<?php` या पूर्ण टॅगची दोन लघुरूपे आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच बहुतेक अडचणी उद्भवतात. पहिले `<?=` हे चिन्ह केवळ मूल्य छापण्यासाठी असून, 2012 साली आलेल्या 5.4 आवृत्तीपासून ते सर्व्हरच्या सेटिंगवर अवलंबून राहिलेले नाही. त्यामुळे टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्याच्या फाइलीत, ते निःशंकपणे वापरावे. पूर्ण टॅग उघडून त्यात ‘एको’ ही छापण्याची आज्ञा लिहिण्यापेक्षा ते वाचायलाही सोपे जाते.

दुसरे, नुसते `<?`, मात्र टाळावे. ते चालणे ‘शॉर्ट ओपन टॅग’ या सेटिंगवर अवलंबून असते, आणि ते सेटिंग बंद असलेल्या सर्व्हरवर फाइल गेली की कोड न चालता जसाच्या तसा ब्राउझरकडे पाठवला जातो. त्यात पासवर्ड असेल तर तोही उघडा पडतो. शिवाय सेटिंग चालू असताना एक्सएमएलची पहिली ओळही याच चिन्हाने सुरू होत असल्याने पीएचपी तिला आपलाच कोड समजते. म्हणून अटी, लूप आणि इतर सर्व तर्कासाठी पूर्ण टॅगच लिहावा.

जुन्या फाइली सुधारताना सरसकट ‘शोधा आणि बदला’ करू नये, कारण त्यात `<?=` आणि आधीच पूर्ण असलेले टॅगही बिघडतात; ते वगळूनच शोध घ्यावा. लघुरूप मूल्य सुरक्षित करत नाही, हेही अनेकदा विसरले जाते: वापरकर्त्याकडून आलेला मजकूर पानावर छापण्यापूर्वी एचटीएमएलची खास चिन्हे निष्प्रभ करणाऱ्या ‘एचटीएमएल स्पेशल कॅरेक्टर्स’ (`htmlspecialchars`) फंक्शनमधून न्यावाच लागतो.